मदत हवी आहे: दहावीचं विज्ञान कोणत्या क्रमानं शिकवावं?

नमस्कार सर-मॅडम, परभणी जिल्ह्यात खेड्यावरच्या शाळेत शिकवतो, दहावी विज्ञानाचे दोन्ही भाग माझ्याकडंच आहेत. भाग 2 मधी दुसऱ्याच धड्यात ग्लायकोलायसिस, क्रेब चक्र (पेशीत ग्लुकोज या कार्बनी संयुगापासून ऊर्जा मिळायच्या पायऱ्या) येतं अन् कार्बनी संयुगे भाग 1 ला पार नवव्या धड्यात, मग लेकरं ग्लुकोजचं सूत्र नुसतं पाठ करायलेत, समजंना काहीच, लई वाईट वाटतं. अमेरिकेतले लिऑन लेडरमन, 1988 चे फिजिक्सचे नोबेलवाले, म्हणायचे आधी फिजिक्स, मग केमिस्ट्री, शेवटी बायो. पटतं मला, पण इथं गुरुत्वाकर्षणाच्या गणितालाच निम्मी पोरं घाबरतात. कुणी रासायनिक अभिक्रिया अन् कार्बन आधी घेऊन मग जीवनप्रक्रिया शिकवल्या का? घटक चाचणीचं कसं जमवलं तेबी सांगा प्लीज.