मदत हवी आहे: बाह्यविभाजनात (बिंदू त्याच रेषेवर, पण रेषाखंडाबाहेर असतो तेव्हा) तो कुठल्या बाजूला जाणार, हे मुलांना कसं पटवायचं?

ऐरोलीत बारावी सायन्सची शिकवणी घेते. सध्या स्थान सदिश (आरंभबिंदूपासून एखाद्या बिंदूपर्यंतचे बाण) चालू आहेत.

अ(२, −१, ५), ब(७, ४, −५) आणि रेषाखंड अब वर बिंदू प असा की अप : पब = २ : ३. विभाजन सूत्राने (२ब + ३अ)/५, म्हणजे प(४, १, १). उत्तर सगळ्यांचं येतं; पण अ जवळ असताना त्यालाच ३ ने का गुणायचं, विचारलं की सामसूम! म्हणून अ + क(ब − अ) असं शिकवलं: अ पासून निघा, ब च्या दिशेने अब च्या २/५ अंतर चाला, म्हणजे क = २/५. क ० ते १ मध्ये असेल तर बिंदू रेषाखंडावर, हेही लगेच पटलं.

गाडी अडते बाह्यविभाजनात. त्याच गुणोत्तराला क = −२ येतो, बिंदू (−८, −११, २५). "ब कडे निघालो होतो ना, मग उलटे का गेलो?" यावर "एक चिन्ह उणे घ्या" हे उत्तर मला स्वतःलाच पटत नाही. संख्यारेषेवर ० आणि ५ घेऊन −१० दाखवून झालं. ते दिसतं, पण आकडे बदलले की पुन्हा अंदाजपंचे.

सिद्धता येते, ती नको. हाताशी फक्त फळा आहे, संगणक नाही. आकडेमोडीआधी, नुसतं गुणोत्तर बघून बिंदू अ च्या पलीकडे की ब च्या, हे मुलांना स्वतःहून सुचावं यासाठी तुम्ही सुरुवात कुठून करता?