शब्दचर्चा: ‘फेअर प्ले’ला नियमपत्रकात काय म्हणावं?

पटावरची

सोलापुरातल्या पेठापेठांच्या संघांची आमची बुद्धिबळ लीग आहे. संघात चार पट, डाव १५ मिनिटांचे, सामने रविवारी एका वाचनालयाच्या हॉलमध्ये. मी तिथे पंच असते. आतापर्यंत फिडेचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचे, नियम तोंडी सांगूनच काम भागायचं. यंदा कर्णधारांनी आग्रह धरला की नियम मराठीत छापून प्रत्येक संघाच्या हातात द्या. मागणी रास्त आहे. मसुदाही तयार झाला, पण सातव्या कलमावर गाडी अडली आहे. मूळ मथळा ‘फेअर प्ले’. मसुद्यात त्याचं ‘खिलाडूवृत्ती’ झालंय आणि खाली ही वाक्यं आहेत:

“मोहऱ्यास स्पर्श झाल्यास सदर मोहरे हलविणे बंधनकारक राहील.”
“इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या साहाय्याने अनुचित लाभ घेतल्यास कारवाई करण्यात येईल.”
“खिलाडूवृत्तीस बाधा आणणारे वर्तन केल्यास गुण वजा केले जातील.”

आधी मथळ्याचं बोलू. खिलाडूवृत्ती हा शब्द मला मनापासून आवडतो. हरल्यावर हात मिळवणं, ‘भारी खेळलास’ म्हणणं, समोरच्याची चांगली चाल त्याच्यासमोर वाखाणणं, यासाठी दुसरा शब्द नकोच. पण ती वृत्ती आहे. एखादा पोरगा हरला आणि मान खाली घालून न बोलता निघून गेला, तर त्याची खिलाडूवृत्ती कमी पडली असं कुणी म्हणेल. नियम त्यानं एकही मोडलेला नाही. मग मी पंच म्हणून त्याचा गुण कशाच्या आधारावर कापू? आणि टॉयलेटमध्ये मोबाईलवर चाल बघून आलेला माणूस पटावर बसून हसतमुखानं हात मिळवू शकतो. २०१९ मध्ये स्ट्रासबर्गच्या एका स्पर्धेत चक्क एक ग्रँडमास्टर टॉयलेटमध्ये मोबाईलसकट सापडला. त्याचा किताब गेला आणि सहा वर्षांची बंदी आली. त्या कृत्याला ‘खिलाडूवृत्तीचा अभाव’ म्हणणं फार सौम्य होतं. बुद्धिबळात ‘फेअर प्ले’ म्हटलं की आता बाहेरची मदत घेऊन केलेली फसवणूकच आधी डोळ्यांसमोर येते. फिडेची अशी प्रकरणं तपासणारी समितीसुद्धा ‘फेअर प्ले कमिशन’ याच नावाची आहे.

तेव्हा शब्द सुचवा. ‘न्याय्य खेळ’ बोलायला जड जातं. ‘निकोप खेळ’ म्हटलं की मला आधी प्रकृती आठवते. आणि शब्दाबरोबर वाक्यंही बघा, कारण भांडणं मथळ्यावरून होत नाहीत, वाक्यांवरून होतात.

तिसरा पट

ताई, मागच्या रविवारचं भांडण माझ्याच पटावरचं, म्हणून लिहितो. माझ्याकडे हत्ती आणि एक प्यादं, त्याच्याकडे हत्ती आणि दोन प्यादी. त्याचा डाव बरा होता, मान्य. पण त्याच्या घड्याळात काही सेकंद उरलेले आणि माझ्याकडे निवांत वेळ. मी खेळत राहिलो, त्याचा वेळ संपला, मी जिंकलो. तर त्यांची माणसं चहाच्या गाड्यापर्यंत मागं आली. ‘रडीचा डाव खेळलास बे, ड्रॉ द्यायचा होतास.’

चीटिंग म्हणाले असते तर मी हसून सोडलं असतं. ‘रडी’ लागलं मला. रडलं कोण? सुरुवातीला एका उंटाच्या चालीवर तो केवढा वेळ बसून राहिला. तो वेळ त्यानं खर्च केला, मी चोरला नाही. नियमपत्रकात हे स्पष्ट करा. आणि ‘रडीचा डाव’ म्हणजे नेमकं काय, तेही कुणीतरी सांगा.

जुनी खोड

सांगतो. गल्लीतल्या खेळांनी आपल्याला या बाबतीत फार बारीक शब्द दिलेत, आणि आपण ते सगळे ‘चीटिंग’मध्ये बुडवून टाकले.

रडी म्हणजे हरायला लागलेल्या भिडूनं निकाल न मानणं. ‘माझी तयारीच नव्हती’, ‘हा डाव धरायचा नाही’, ‘मी टाइमप्लीज म्हटलं होतं’. नियम मोडलेला नसतो, पण हार गळ्याखाली उतरत नाही. म्हणून डाव उधळायचा, नाहीतर पुन्हा मागायचा.

अंचई वेगळी. समोरच्याची नजर चुकवून गोटी वीतभर पुढं सरकवायची, पत्ता मांडीखाली दडवायचा. इथं नियम मोडलाय आणि मोडलेला लपवलाय. लपवणं हा तिचा गाभा. चुकून नियमबाह्य चाल करणारा अंचई करत नाही. क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या, डावात अशा पहिल्या चुकीला समोरच्याला दोन मिनिटं वाढवून मिळतात आणि डाव पुढं चालतो. दुसऱ्यांदा झाली तर डाव जातो. चुकीला चुकीचीच शिक्षा, चारित्र्यावर बोट नाही. हे मला फार योग्य वाटतं.

आणि तिसरा डावपेच. कुस्तीत पैलवानानं हुलकावणी देऊन ढाक मारली तर फडात कुणी त्याला लबाड म्हणत नाही, टाळ्या पडतात. प्यादं फुकट देतोय असं दाखवून वजीर अडकवणं याच जातीतलं. ‘डाव’ हा शब्दच बघा. खेळही डाव, खेळातली पाळीही डाव, आणि समोरच्याला पाडायची युक्तीही डाव. युक्ती खेळाच्या पोटातच आहे, असंच भाषा सांगते.

आता तुमचं प्रकरण. वेळ संपली की डाव गेला. अपवाद एकच: समोरच्याला कितीही वैध चाली करून मात करणं शक्यच नसेल तर बरोबरी. तुमच्याकडे हत्ती होता, म्हणजे तो प्रश्नच नाही. तुम्ही अंचई केली नाही. रडी केली असेल तर ती चहाच्या गाड्यापर्यंत आलेल्यांनी. आणि सगळ्यांनाच अशा शेवटाचा त्रास होत असेल, तर दर चालीला पाच सेकंद वाढ द्या. घड्याळाचा प्रश्न घड्याळानंच सोडवावा, त्यासाठी कुणाच्या नीतीवर शिंतोडे नकोत.

बाळीवेस

काका, तुमची विभागणी पटली, पण वापर तसा राहिलेला नाही. आमच्याकडे ‘रडीचा डाव’ म्हणजे सरसकट चीटिंग. ‘काय बे रडीचा डाव करलालास’ हे पत्ता लपवणाऱ्यालाही म्हणतात. आणि ‘अंचई’ मी आज पहिल्यांदा वाचला. नियमपत्रकात घातला तर तो आधी समजावून सांगावा लागेल.

जुनी खोड

अर्थ पसरलाय, हे खरं. म्हणूनच ‘रडी’ नियमात घालू नये. एकाला तो ‘हार न मानणारा’ वाटेल, दुसऱ्याला ‘चोर’. तिसऱ्या पटावर तेच झालं. ‘अंचई’बद्दल मात्र वाईट वाटलं. एवढा नेमका शब्द बाळीवेशीत पोचला नाही.

पूर्व भाग

आमच्या घरी तेलुगू. गल्लीत क्रिकेट खेळताना आउट होऊनही कुणी बॅट सोडली नाही की आम्ही ओरडायचो, ‘तोंडी! तोंडी आट!’ शाळेत पहिल्यांदा ‘तोंडी परीक्षा’ लागली तेव्हा वर्गातल्या तेलुगू पोरांत खसखस पिकली होती. आमच्या तोंडीत रडी आणि अंचई दोन्ही बसतात.

माझा मुद्दा दुसरा. मी संघाचा कर्णधार आहे. डाव चालू असताना माझा खेळाडू विचारतो, ड्रॉ घेऊ का? मी तेलुगूत ‘घे’ म्हणतो. एवढंच. पण पलीकडचा संघ लगेच उठतो, ‘चाल सांगितली!’ पंचांना तेलुगू येत नाही, त्यामुळं त्यांनाही ठरवता येत नाही. त्या संशयाचा मला राग येतो, आणि तो संशय का येतो हेही कळतं. उद्या कन्नडमध्ये कुणी दोन शब्द बोलला तर मीही तसाच बघेन. याचं काहीतरी स्पष्ट लिहा. ‘अनुचित मार्गदर्शन करू नये’ असलं वाक्य नको, त्यातून काहीच हाती लागत नाही.

पटावरची

पूर्व भाग, तुमचा मुद्दा कलमात घेते. सांघिक बुद्धिबळात चालत आलेली रीत अशी की कर्णधारानं बरोबरी मागायला किंवा घ्यायला सांगावं, पटावरच्या स्थितीबद्दल चकार शब्द काढू नये. आपण तेच लिहू आणि पुढे जोडू: जे बोलायचं ते पंचासमोर, पंचाला कळेल अशा भाषेत. म्हणजे तुमच्यावर कुणी बोट ठेवायला जागा उरणार नाही.

आता पहिल्या वाक्याकडे येते, कारण त्याचा त्रास मी डोळ्यांनी पाहिलाय. एक शाळकरी मुलगी खेळत होती. थंडीचे दिवस, अंगात भावाचा ढगळ स्वेटर. पलीकडचा उंट मारायला तिनं हात लांब केला आणि बाहीचा काठ घोड्याच्या कानाला लागला. घोडा डुगडुगला, पडलासुद्धा नाही. समोरच्यानं ताबडतोब घड्याळ थांबवलं, ‘टच-मूव्ह, घोडा हलवा.’ घोडा हलवला असता तर तिचा वजीर जात होता. मी त्याचं म्हणणं फेटाळलं, कारण फिडेचा नियम हलवायच्या किंवा मारायच्या हेतूनं, मुद्दाम केलेल्या स्पर्शाचा आहे. पण उद्या छापील पत्रकात ‘स्पर्श झाल्यास’ असेल, तर तो मुलगा कागद माझ्यापुढे धरेल आणि कागदाप्रमाणे त्याचंच बरोबर ठरेल.

मराठीत यासाठी तयार जोडी आहे: हात लागणं आणि हात लावणं. लागतो तो चुकून, लावतो तो मुद्दाम. शेंबडं पोरगंही आईला सांगतं, ‘मी लावला नाही, लागला.’ एका अक्षरात हेतू आला. ‘स्पर्श झाल्यास’ म्हटलं की तो हेतू पुसला जातो. म्हणून वाक्य हवं: ‘खेळण्यासाठी मोहऱ्याला हात लावला, तर तेच मोहरं खेळायचं.’

तसंच मोहरं घरात नीट बसवण्याचं. आपल्याकडे सगळे ‘ॲडजस्ट’ म्हणतात. ते आधी म्हणायचं असतं, आणि आपली पाळी असतानाच. हत्ती बोटांत धरला, तो उचलला तर मागं मात बसतेय हे दिसलं, आणि मग तोंडातून ‘ॲडजस्ट’ आलं, तर ते ग्राह्य नाही. मी ‘सावरतो’ हा शब्द सुचवते. ‘आधी सावरतो म्हणा, मग हात लावा.’ जुन्या लोकांना पटेल असं वाटतं.

मोबाईलचं वाक्य तर उलटंच आहे. ‘अनुचित लाभ घेतल्यास’ म्हटलं की लाभ घेतला हे सिद्ध करायचं ओझं पंचावर येतं. कुणी मोबाईलवर काय पाहिलं हे मी कशी शोधणार? फिडेच्या नियमात भर आहे तो जवळ बाळगण्यावर. परवानगीशिवाय फोन खेळाडूच्या अंगावर सापडला की डाव गेला, वापरला की नाही हा प्रश्नच उरत नाही. कठोर आहे, पण सगळ्यांना सारखं आहे. आणि पंचाला दुसऱ्याच्या मनात शिरावं लागत नाही, हे मला त्यात सर्वांत मोलाचं वाटतं. तेव्हा: ‘डाव चालू असताना फोन अंगावर सापडला तर डाव गेला.’ फोन बंद करून पंचाच्या टेबलावर ठेवायचे.

तिसरा पट

ताई, एक राहिलं. शेवटच्या फेरीत दोन संघ आधीच बोलून चारही पटांवर ड्रॉ करतात, दोघंही पुढं जातात आणि तिसरा संघ घरी. त्याला काय म्हणायचं? आम्ही ‘सेटिंग’ म्हणतो. अंचई म्हणावं तर लपूनछपून काही नाही, सगळ्यांना दिसतंय.

जुनी खोड

संगनमत. कोर्टकचेरीतला असला तरी वर्तमानपत्रं वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत असलेला शब्द. आणि हे कुठंही घडतं. २०२३ च्या अखेरीस समरकंदला जागतिक ब्लिट्झ (अतिजलद डावांच्या) स्पर्धेत डुबोव आणि नेपोम्नियाची या रशियन ग्रँडमास्टरांनी घोडेच इकडून तिकडं नाचवत नेले, परत आणले आणि बरोबरी केली. पंचांनी दोघांनाही शून्य दिलं. चाली वैध होत्या, पण खेळ झालाच नव्हता. तुमच्या कलमात हे वाक्य हवंच, आणि शिक्षा दोन्ही संघांना सारखी.

मथळ्यासाठी मी ‘सचोटी’ सुचवतो. व्यापारातही चालतो, खेळातही चालेल. वजनकाटा सरळ धरणाऱ्याला आपण सचोटीचा म्हणतो. तो गोड बोलतो की नाही, हे बघत नाही.

पटावरची

‘सचोटी’ घेतला. खिलाडूवृत्ती या कलमातून काढून बक्षिसांच्या कलमात नेते. हंगामाच्या शेवटी सगळ्या खेळाडूंनी मतं देऊन एकाला ते बक्षीस द्यायचं. तिथे तो शब्द शोभेल, आणि त्यासाठी कुणाचा गुण कापावा लागणार नाही. कर्णधारांच्या बैठकीत मांडायचं कलम आता असं:

“सात. खेळातली सचोटी. खेळण्यासाठी मोहऱ्याला हात लावला, तर तेच मोहरं खेळायचं. नीट बसवायचं असेल तर आपल्या पाळीत, आधी ‘सावरतो’ म्हणून. डाव चालू असताना फोन अंगावर सापडला तर डाव गेला. बाहेरून चाल सांगायची नाही, विचारायची नाही. कर्णधारानं फक्त बरोबरीबद्दल बोलायचं, तेही पंचासमोर, पंचाला कळेल अशा भाषेत. आधी ठरवून बरोबरी केली तर दोघांनाही शून्य. समोरच्याचा वेळ संपल्यानं जिंकलेला डाव हा जिंकलेलाच डाव.”

दर चालीला पाच सेकंदांचा प्रस्ताव वेगळा मांडते, कारण त्यासाठी काही संघांना घड्याळं बदलावी लागतील.

तिसरा पट

शेवटचं वाक्य ठळक छापा, ताई.

पूर्व भाग

कर्णधाराचं वाक्य मला मान्य. मथळ्याखाली तेलुगू आणि कन्नडमध्ये एकेक शब्द घाला. ‘सचोटी’ आमच्या आज्जीला कळणार नाही, ‘तोंडी आट वद्दु’ (रडीचा खेळ नको) म्हटलं की दाजी पेठेतलं पोरगंसुद्धा समजेल.

पटावरची

घालते. कन्नडसाठी ‘मोस’ चालेल का? बाळीवेस, सांगा.

बाळीवेस

नुसता ‘मोस’ मोठा वाटतो, पैशाच्या फसवणुकीलाही तोच. खेळात आम्ही ‘मोसदाट’ म्हणतो. तोच घ्या.