उंदराच्या ग्रंथी कापून मराठवाड्याला काय मिळालं?

गोदाकाठचा मास्तर, नांदेड
परवापासून एक पोस्ट फिरतेय. सार असं: मराठवाड्यातल्या प्राणिशास्त्र विभागांत वर्षानुवर्षं एकच उद्योग चालतो. उंदराला कीटकनाशक पाजायचं, गळ्यातली थायरॉइड नाहीतर मूत्रपिंडावरची अॅड्रेनल ग्रंथी काढायची, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला पातळ काप करायचे, ‘पेशी सुजल्या’ लिहायचं आणि नावाआधी डॉक्टर लावायचं. शेतकऱ्याला फायदा शून्य.

लिहिणाऱ्यानं आयुष्यात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेला दिसत नाही. रक्त तपासलं की त्या दिवसाचा आकडा कळतो. ग्रंथीचा काप मागचे कित्येक दिवस तिच्यावर काय ताण होता ते सांगतो. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, चढं राहिलं की थायरॉइडच्या पुटिकांच्या (बारीक पिशव्यांच्या) भिंतीतल्या बुटक्या पेशी उंच होतात, आतला कोलॉइड, म्हणजे साठवणीचा चिकट द्रव, आटतो, त्याची कड कुरतडल्यासारखी दिसते. हे रक्ताच्या बाटलीत दाखवा बघू.

आणि ‘उंदराच्या ग्रंथीत काय ठेवलंय’ म्हणणाऱ्यांसाठी: नर उंदराच्या जबड्याखालच्या लाळग्रंथीत नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, म्हणजे मज्जातंतू वाढवणारं प्रथिन, खच्चून भरलेलं असतं. त्याच ग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला तर त्यांचे डोळे वेळेआधी उघडले, आणि स्टॅन्ली कोहेनच्या हाती एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, म्हणजे त्वचेच्या पेशी वाढवणारं प्रथिन, लागलं. १९८६ चं नोबेल त्याला आणि रिटा लेव्ही-मोंताल्चिनींना मिळालं. मादीच्या ग्रंथीवर थांबले असते तर बसले असते हात चोळत.

पशुवैद्य, परभणी
सर, नोबेल त्यांना मिळालं, आपल्याला काय? पोस्टची भाषा वाईट होती, मुद्दा नाही. उंदराच्या रक्तात थायरॉक्सिन (थायरॉइडचं संप्रेरक) धरून ठेवणारं खास प्रथिन प्रौढ वयात जवळजवळ नसतंच. त्याचं थायरॉक्सिन दिवसभरात निम्मं होतं, माणसाला त्यासाठी आठवडाभर लागतो. म्हणजे उंदराची थायरॉइड मुळातच पळत असते. फेनोबार्बिटालसारखं औषध दिलं की यकृत थायरॉक्सिन भराभर बाहेर टाकतं, टीएसएच वाढतो, पुटिका फुगतात. थायरॉइडला औषधानं हातही लावलेला नसतो. प्रबंधात मात्र ‘थायरॉइडवर विषारी परिणाम’.

एकदा एका महाविद्यालयातून माझ्याकडे पांढऱ्या मूषकांच्या अॅड्रेनलच्या स्लाइड आल्या. तुलनेच्या गटातल्या माद्या कुमारी, औषधाच्या गटातल्या व्यालेल्या. माद्यांमध्ये एक्स झोन, म्हणजे अॅड्रेनलमधला एक आतला पट्टा, पहिल्या गर्भारपणातच नाहीसा होतो, नरात वयात येताना. पोरानं लिहिलं होतं, ‘औषधामुळे ऱ्हास’. मार्गदर्शकाची सही खाली ठळक.

मेणवाले काका, निवृत्त प्रयोगशाळा सहायक
दोघंही खुर्चीत बसून बोलायलेत. आधी काप कसा पडतो ते बघा. थायरॉइड सुटी काढायची नसते, श्वासनलिकेसकट फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ती टिकवणाऱ्या द्रावणात, सोडायची. चिमट्यानं दाबली की संपली. अन् मग काप पाडायला ती मेणाच्या ठोकळ्यात बसवायची. अठ्ठावन्न-साठ अंशाला वितळणारं मेण, बाहेर मे महिन्याचं बेचाळीस, पंखा बंद. पाच मायक्रॉनची फीत निघतच नाही, ठोकळा चुरगळतो. मी रसवंतीवाल्याकडून बर्फ आणायचो, त्यावर ठोकळे ठेवायचो. लोडशेडिंगमध्ये ओव्हन थंड झाला की मेण अर्धवट आत शिरलेलं, काप मधेच फाटणार. त्या फाटीला पीएचडीवाले म्हणणार ‘ऊतींचा नाश’. लई बघितलेत.

अनुशेष बोलतोय
मुळावर आलात काका. पुण्यात वातानुकूलित खोलीत काप पडतात आणि आमच्याकडे रसवंतीचा बर्फ! कुठला भाग विकासात किती मागे ते बघणाऱ्या दांडेकर समितीनं १९८४ लाच अनुशेष मोजून दाखवला होता. १९९४ ला वैधानिक विकास मंडळ आलं, २०२० च्या एप्रिलात त्याची मुदत संपली, कुणाला सुतक नाही. आमची पोरं ठोकळे बसनं पुण्याला पाठवतात, पैसे मोजून स्लाइड मागवतात.

पशुवैद्य, परभणी
प्रत्येक धाग्यात अनुशेष. उद्या उंदीर आजारी पडला तरी दांडेकर समिती.

अनुशेष बोलतोय
पगार सरकारी असला की टोमणे सुचतात. तुमच्या विभागाला मायक्रोटोम, म्हणजे काप पाडायचं यंत्र, कुणी दिला, विचारा एकदा.

पशुवैद्य, परभणी
माझ्या पगारावर येऊ नका. मायक्रोटोम गंजत पडलेले विभाग मी पाहिलेत, निधी येऊनसुद्धा. ब्लेड बदलायला पुणं अडवतं का?

अनुशेष बोलतोय
ब्लेडच्या मागणीची फाईल कुठं अडते ते माहिताय तुम्हाला. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तिथं स्लाइड धुवायला पाणी कुठलं?

मेणवाले काका
पाण्याचं बरं काढलं. स्लाइडवरचा हिमॅटॉक्सिलिन रंग निळा करायला आपलं बोअरचं खारं पाणी झकास. त्यात अनुशेष नाही!

कापूसवाला, माजलगाव
तुमचं पुणं अन् बर्फ चालू द्या. माझ्या चुलत्याला फवारताना भोवळ आली, तोंडाला फेस. दवाखान्यात विषावरचा उतारा, अॅट्रोपीन, दिलं म्हणून वाचला. त्याच्यानंतर कुणी विचारलं नाही त्याला. आता हात थरथरायलेत. उंदरानं काय सांगितलं आम्हाला? कामून माणसाकडं कुणी येत नाही?

गोदाकाठचा मास्तर
भाऊ, धडधाकट माणसाची अॅड्रेनल कापायला कोण देईल? म्हणून तर उंदीर.

पशुवैद्य, परभणी
पण फवारणाऱ्याच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज, म्हणजे अशा कीटकनाशकानं कमी होणारं विकर, मोजता येतं ना, सर. हंगामाच्या आधी एकदा, मधे एकदा. त्यासाठी एकही उंदीर लागत नाही. गावात जावं लागतं, एवढंच.

जिल्हा परिषदेची पोरगी
मी सध्या पीएचडी करतेय. यूजीसीच्या २०१४ च्या सूचनेनंतर पदवी-पदव्युत्तर वर्गांतलं विच्छेदन बंद झालं. चांगलंच झालं, मला बेडूक कापायचा नव्हता. पण पहिला उंदीर उघडला तो थेट संशोधनाचा. मूत्रपिंडावरच्या चरबीत अॅड्रेनल शोधण्यात इतका वेळ गेला की फॉर्मॅलिनमध्ये पडेपर्यंत ती खराब व्हायला लागलेली. नैतिक समितीचा अर्ज कसा भरायचा हे सगळे शिकवतात, हे कोणी शिकवत नाही.

मेणवाले काका
ये माझ्याकडं बेटा, शिकवतो. खाटकाकडून बोकडाच्या अॅड्रेनल आणू, जीव वेगळा मारायची गरज नाही.

गोदाकाठचा मास्तर
बोकडावर कीटकनाशकाचा परिणाम दिसणार नाही, पण हात बसेल. कोलिनेस्टरेजचं मान्य, डॉक्टरसाहेब. उंदीर सोडणार नाही मात्र.

पशुवैद्य, परभणी
सोडू नका. स्लाइडवरचा गट झाकून, कुठला उंदीर औषधाचा ते न सांगता माझ्याकडे पाठवा. मी वाचतो. तरीही पेशी ‘सुजलेल्या’ दिसल्या तर त्या पोस्टवाल्याला मीच उत्तर देईन.

अनुशेष बोलतोय
पाठवणार कशानं? बसनं?