जुन्या डेस्कटॉपचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) बदलायचाय, कुठला घेऊ?

दुकानदार_मिरज
मंडळी जरा सल्ला द्या. दुकानात जुना डेस्कटॉप आहे, आय५-३४७० प्रोसेसर, एच६१ चा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, एक एसएसडी, एक जुनी १ टीबीची हार्डडिस्क, आणि मुलाने मागाहून जीटीएक्स ७५० टीआय ग्राफिक कार्ड बसवलंय. टॅली, बिलिंग दिवसभर निवांत चालतं पण संध्याकाळी पोरगं गेम लावून बसलं की थोड्या वेळात खटकन बंद, कधी आपोआप रिस्टार्ट. सकाळी बटण दाबलं की पंखा जरा फिरून थांबतो, परत दाबलं की चालू. एसएमपीएस कॅबिनेटसोबत आलेला आहे, वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलंय. इथला रिपेरिंगवाला म्हणतो तसलाच नवीन सातशे रुपयात टाकून देतो, आणि ऑनलाईन बघितलं तर ब्रँडेड ४५० वॅटचेच तीन हजाराच्या घरात. एवढ्या जुन्या मशीनवर तेवढे घालावेत का? ६०० व्हीएचा यूपीएस आहे, लाईट इथे सारखी जाते. आणि हो, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की कधी कधी मुंग्या येतात, त्याचा याच्याशी काही संबंध?

सोल्डर_पंडित
वरचं ४५० विसरा. एसएमपीएसच्या बाजूला स्टिकर असतो, त्यात +१२ व्होल्टच्या खाली किती ॲम्पिअर लिहिलेत ते सांगा, बाकी गप्पा नंतर. आणि पैसे घालायच्या आधी उष्णता बघा, एवढ्या जुन्या मशीनची प्रोसेसरवरची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट वाळून कडक झालेली असते आणि लोडवर गरम होऊनही असंच बंद पडतं. बोर्डवरचे कपॅसिटर (छोट्या नळकांड्यासारखे भाग) वरून फुगलेत का तेही बघा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल पॉवर ४१ अशी नोंद दिसेल, पण त्याचा अर्थ एवढाच की विंडोज नीट बंद न होता मशीन गेलं, एसएमपीएसच खराब असं त्यावरून ठरत नाही.

दुकानदार_मिरज
+१२ ला १४ ॲम्पिअर लिहिलंय. पेस्ट नवीन लावली, गेममध्ये प्रोसेसर ६५ डिग्रीच्या वर जात नाही. कपॅसिटर सपाट आहेत.

सोल्डर_पंडित
मग झालं की. १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट, तेही स्टिकर खरं बोलतोय असं धरून. तुमचा प्रोसेसर ७७ वॅटचा, कार्ड ६० वॅटचं, वर हार्डडिस्क, पंखे, बोर्डाचं जे काय असेल ते, गेममध्ये हे सगळं मिळून दीडशेच्या पुढे सहज जातं आणि त्यातलं जवळपास सगळं १२ व्होल्टवरूनच ओढलं जातं. टॅलीला प्रोसेसर झोपलेला असतो म्हणून तिथे काही जाणवत नाही. चांगल्या कंपनीच्या ४५० वॅटवर १२ व्होल्टला ३५ च्या आसपास ॲम्पिअर लिहिलेले असतात, फरक तिथे आहे. तुम्हाला ४५० पुरे झाला, ६५० च्या नादी लागू नका.
कॉर्सेअर सीएक्स, कूलर मास्टर एमडब्ल्यूई ब्रॉन्झ, डीपकूल पीके, यातला जो त्या दिवशी स्वस्त मिळेल तो उचला. वॉरंटी ३ वर्षं की ५ ते बघा आणि बिलावर सीरियल नंबर टाकून घ्या.

जुगाडू_नाना
कशाला गरिबाला खर्चात घालताय, आमच्या क्लासमध्ये सगळ्या मशीनला सातशे आठशेवालेच आहेत, वर्षानुवर्षं चालतात. जळला तर बदलायचा. कंपनीवाले काय जळत नाहीत का?

सोल्डर_पंडित
नाना, तुमच्या मशीनना वेगळं ग्राफिक कार्ड नाही ना, मग चालणारच. यांनीही कार्ड काढलं तर आहे तो अजून काही दिवस ओढेल. पण स्वस्तातल्यात ओव्हरलोड, ओव्हरव्होल्टेजचं संरक्षण बहुतेक नसतंच, तो जाताना बोर्ड, हार्डडिस्क सोबत घेऊन जाऊ शकतो आणि यांच्या हार्डडिस्कवर दुकानाचे हिशेब आहेत. कंपनीचं नाव बघून डोळे झाकून घ्या असं मी पण म्हणत नाही, २०२१ मध्ये गिगाबाइटच्या ७५० आणि ८५० वॅटच्या एका मालिकेतले युनिट टेस्टिंगमध्ये धडाधड फुटले होते. मॉडेलचा रिव्ह्यू वाचायचा. आणि ८० प्लस ब्रॉन्झचा शिक्का म्हणजे वीज किती वाया जाते एवढंच, आतला माल टिकाऊ आहे का ते त्यातून कळत नाही.

अर्थिंग_अण्णा
मुंग्यांकडे कुणाचंच लक्ष नाही, मला तर तीच जास्त महत्त्वाची वाटते. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलवरून बॉडीला जोडलेले असतात, अर्थिंग नसेल तर पत्र्यावर साधारण निम्मं व्होल्टेज येऊन बसतं, ११५ च्या आसपास. करंट अगदी कमी असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात. म्हणजे तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही किंवा तुटलंय. तीन हजाराचा नवीन बसवला तरी मुंग्या येणारच, वायरमनला बोलवा. आणि खात्री होईपर्यंत मशीन चालू असताना पत्र्याला हात लावू नका, कारण आत बिघाड झाला तर त्याच पत्र्यावर पूर्ण २३० येऊ शकतात.

दुसरं म्हणजे यूपीएस. तुमच्या जुन्या एसएमपीएसच्या मागे ११५/२३० चं लाल बटण असेल, नवीन चांगल्यात ते नसतं कारण आत ॲक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत ओढणारं सर्किट) असतो आणि तो व्होल्टेज आपोआप जुळवून घेतो. काही स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेले की चौकोनी टाईपची वेव्ह देतात आणि अशा एसएमपीएसशी त्यांचं जमत नाही, लाईट गेली की मशीन बंद. दरवेळी होतंच असं नाही. बसवल्यावर गेम चालू ठेवून यूपीएसचा प्लग काढून बघा, टिकला तर प्रश्न मिटला. ६०० व्हीएवर साधारण ३६० वॅट मिळतात, म्हणजे लोडची काळजी नाही.

डेलवाला
मध्येच घुसतो, माझ्याकडे सेकंडहँड ऑप्टिप्लेक्स ९०२० आहे, मोठा टॉवर. त्यालापण हेच चालतील?

सोल्डर_पंडित
थेट नाही. त्याच्या बोर्डला २४ पिनच्या जागी ८ पिनचा कनेक्टर आहे, २४ ते ८ ची अडॅप्टर वायर त्याच मॉडेलसाठीची म्हणून मागावी लागते, लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाईन मिळते. एचपी, लेनोवोच्या बऱ्याच ऑफिस मशीनचं पण असंच, प्रत्येकाच्या पिना वेगळ्या. आडव्या छोट्या डब्याचं मशीन असेल तर एसएमपीएसचा आकारच वेगळा, तिथे साधा एटीएक्स (नेहमीच्या मापाचा) बसतच नाही.

दुकानदार_मिरज
आभार सगळ्यांचे. वायरमनला उद्या बोलावलंय. एक शंका, माझ्या बोर्डवर प्रोसेसरजवळ ४ पिनचं सॉकेट आहे आणि नवीन सगळ्यांच्या फोटोत ८ पिन दिसतेय. आणि जुना उघडून साफ करून मुलाच्या दुसऱ्या मशीनला लावू का?

सोल्डर_पंडित
ती ८ पिन मधून दोन भागात सुटते, अर्धी लावा, अर्धी मोकळी सोडा. फक्त ग्राफिक कार्डची ६+२ पिन तिथे जबरदस्तीने घुसवू नका, दिसायला सारखी दिसते. जुना उघडू नका, आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० च्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात. भंगारात द्या.