अमेरिकेत कारखाने परत येतील, पण नोकऱ्या?

हिशेबनीस (धागाकर्ता)

आमचा मेहुणा डॅलसला असतो. परवा घरच्या ग्रुपवर त्याने जाहीर केलं, "चीनला गेलेलं सगळं आता इथं परत येणार, बघालच." तिथे उत्तर दिलं असतं तर रात्री घरात ताट वाढून मिळालं नसतं, म्हणून इथे लिहितोय.

वॉशिंग मशीनचं उदाहरण घेऊ. जानेवारी 2018 मध्ये अमेरिकेने आयात वॉशिंग मशीनवर जबर शुल्क लावलं. कारखाने खरंच आले. सॅमसंगने साउथ कॅरोलिनात न्यूबेरीला उत्पादन सुरू केलं, एलजीने टेनेसीत क्लार्क्सव्हिलला. मग बिघडलं कुठे? मशीनच्या किमती साधारण 12 टक्क्यांनी चढल्या. कपडे वाळवायच्या ड्रायरवर शुल्क नव्हतं, तरी तोही महागला, कारण तिकडे लोक दोन्ही जोडीने घेतात आणि दुकानदाराला हे पक्कं माहीत असतं! फेडरल रिझर्व्ह आणि शिकागो विद्यापीठाच्या अर्थतज्ज्ञांनी बेरीज केली: नोकऱ्या सुमारे 1,800, गिऱ्हाइकांवर बोजा वर्षाला 150 कोटी डॉलर. म्हणजे एका नोकरीमागे 8 लाख डॉलरांहून जास्त. एवढ्यात त्या कामगारांना घरबसल्या पगार देऊनही पैसे उरले असते.

ओहायोवासी

हिशेबनीस, तुमचाच आकडा 33 कोटी लोकांत वाटा. माणशी वर्षाला साडेचार डॉलर पडतात. इथे एवढ्यात धड कॉफीही येत नाही. तेवढ्यासाठी एखादं गाव उभं राहत असेल तर मी आनंदाने देईन.

बावीस वर्षं इथे राहतोय. इथल्या यंग्जटाउन शहरात 19 सप्टेंबर 1977 ला पोलादाचा मोठा कारखाना बंद होणार असं जाहीर झालं, पाचेक हजार माणसांचं काम गेलं. लोक अजून त्या दिवसाला 'काळा सोमवार' म्हणतात. त्यात चीनचा हात नव्हता, हे आधीच कबूल करतो. पण डिसेंबर 2001 मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला, त्यानंतरचं काय? 1999 ते 2011 या काळात चिनी आयातीमुळे 20 ते 24 लाख नोकऱ्या गेल्या, हे अर्थतज्ज्ञ ऑटर आणि सहकाऱ्यांचं संशोधन आहे, कुठल्या प्रचारसभेतलं भाषण नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकात लिहिलं होतं की कामगार दुसऱ्या गावी, दुसऱ्या धंद्यात जातील. बहुतेक गेलेच नाहीत. घर विकायचं तर घेणारा कोण? म्हातारी आई कुठे ठेवायची? आयातीमुळे काम गेलेल्यांसाठी 1962 पासून एक सरकारी मदत योजना होती, तिचीही मुदत 2022 मध्ये संपली आणि कुणी ती वाढवली नाही. तुम्ही मशीनची किंमत धरलीत, गावाची धरली नाहीत.

शिरोलीचा फौंड्रीवाला

दोघंही पैशाचं बोलताय. मी कामाचं सांगतो.

कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत आमची लहान फौंड्री आहे, थोडा माल अमेरिकेला जातो. ओतकाम म्हणजे नुसती भट्टी नव्हे राव. पॅटर्न (ज्यावरून वाळूत साचा उठवतात तो ठसा) बनवणारा वेगळा, कोअरवाला (आतल्या पोकळीचा गाभा करणारा) वेगळा, मोल्डिंग, फेटलिंग म्हणजे ओतीव तुकड्याची साफसफाई, मग मशीनिंग. संध्याकाळी पॅटर्न फुटला तर मी मोटारसायकल काढतो आणि सकाळी दुरुस्त झालेला माझ्या शॉपमध्ये असतो. हे शेजारपण शुल्क लावून विकत मिळत नाही. ॲपलने 2013 मध्ये मॅक प्रो टेक्सासमध्ये जुळवायला घेतला, तेव्हा काम कशावर अडलं? स्क्रूवर! तिथल्या वर्कशॉपची क्षमता दिवसाला जास्तीत जास्त हजार स्क्रूंची.

गेल्या वर्षी आमचं एक गिऱ्हाईक म्हणालं, शुल्काचा निम्मा भार तुम्ही सोसा. म्हटलं, परवडत नाही, तिकडेच ओतून घ्या. दोन आठवड्यांनी त्यांचाच फोन. तिकडच्या फौंड्रीने नवीन पॅटर्नसकट पहिला नमुना द्यायला आठ महिने सांगितले होते.

तटबंदी

तुम्ही सगळे स्वस्त-महागमध्ये अडकलात. 2020 मध्ये साध्या मास्कसाठी अमेरिकेसारखा देश तडफडत होता, विसरलात? प्रगत चिप बहुतांशी तैवानमध्ये बनतात आणि समोर चीन उभा आहे. म्हणून 2022 च्या चिप्स कायद्यात 52.7 अब्ज डॉलर ठेवले. टीएसएमसी या तैवानी चिप कंपनीच्या अमेरिकेतल्या, फिनिक्सजवळच्या कारखान्याला कुशल माणसांअभावी उशीर झाला, खर्चही तैवानपेक्षा जास्त, पण 2024 अखेर तिथे चिप बनायला लागल्या. किल्ल्याला तट बांधताना किती गवंड्यांना रोजगार मिळाला हे कोणी मोजतं का?

हिशेबनीस

@तटबंदी, चिपपुरतं शंभर टक्के मान्य. मग तट म्हणूनच विका ना, रोजगार हमी म्हणून कशाला? विस्कॉन्सिन राज्याला फॉक्सकॉन या तैवानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने 2017 मध्ये 13,000 नोकऱ्या आणि 10 अब्ज डॉलरचा वायदा केला. भूमिपूजनाला ट्रम्प स्वतः आले, 'जगातलं आठवं आश्चर्य' म्हणाले. 2021 मध्ये नवा करार झाला: 1,454 नोकऱ्या. आता त्या परिसरात मायक्रोसॉफ्टचं डेटा सेंटर उभं राहतंय, म्हणजे जागा प्रचंड आणि माणसं मोजकी.

जॉर्जिया राज्याचं तर विचारूच नका. सप्टेंबर 2025 मध्ये ह्युंदाईच्या बॅटरी कारखान्याच्या बांधकामावर इमिग्रेशनवाल्यांचा छापा पडला आणि तीनशेहून अधिक कोरियन माणसांना धरलं. कारखाना हवा, तो उभा करणारे नकोत.

@ओहायोवासी, साडेचार डॉलर मला लागले. पण एकट्या वॉशिंग मशीनचे साडेचार. अशा दोनशे वस्तू धरा, मग तुमच्या कॉफीचं काय ते बोलू. शिवाय त्याच 2018 मध्ये पोलादावर 25 टक्के शुल्क बसलं, म्हणजे मशीनच्या कारखान्याचा पत्राही महागला.

परळचा पोरगा

एवढा वेळ वाचत होतो. बाबा गिरणीत साचेवाले होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर. कापड विणायचं काम तेव्हा चीनला गेलं नाही, मोठा हिस्सा भिवंडीच्या यंत्रमागांवर गेला. परळहून तास-दीड तासावर. कापड तेच, पगार निम्म्याहून कमी, ना प्रॉव्हिडंट फंड, ना युनियन. कारखाना परत आला म्हणजे बाबांची नोकरी परत आली असं होत नसतं. गिरणीच्या जागेवर मॉल झाला, तिथे माझा मोठा भाऊ सिक्युरिटीत आहे.

ओहायोवासी

@परळचा पोरगा, हे नेमकं इथेही घडलंय. ओहायोतल्या लॉर्ड्सटाउनचा जनरल मोटर्सचा (जीएम) मोटारींचा कारखाना ऐन भरात असताना तिथे दहा हजारांवर लोक होते. मार्च 2019 ला तो बंद पडला. मग शेजारीच जीएम आणि एलजीचा इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्यांचा कारखाना आला, 2022 मध्ये सुरू झाला. सुरुवातीचा पगार तासाला अवघा साडेसोळा डॉलर! डिसेंबर 2022 ला कामगारांनी प्रचंड बहुमताने युनियन आणली आणि 2024 च्या करारात तो दीडपटीच्या पुढे गेला. हिशेबनीस, लोकांना आपुलकी कारखान्याच्या शेडची नाही, त्या पगाराची आहे. एवढ्यावर आपण एकाच बाजूचे असू कदाचित. पण शेडच नसेल तर युनियन कुठे करायची, गोदामात?

शिरोलीचा फौंड्रीवाला

तो बॅटरी कारखाना जोरात चालतोय ना मग आता?

ओहायोवासी

30 सप्टेंबर 2025 ला इलेक्ट्रिक गाडीवरची सरकारी करसवलत संपली. ऑक्टोबर अखेर कंपनीने 550 जणांना बेमुदत आणि 850 जणांना तात्पुरतं घरी बसवत असल्याचं जाहीर केलं.