रविवारच्या परिषदेवरून सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

ए २०१: रविवारी संशयवाद आणि नास्तिकता या विषयावर खुली परिषद आहे, दिवसभर, प्रवेश मोफत, कोणीही येऊ शकतं. मी जातोय. कुणाला यायचं असेल तर सांगा, एकत्र निघू.

सी ५०३: ग्रुपवर धार्मिक पोस्ट टाकायच्या नाहीत हा नियम आहे ना? मग अधार्मिक चालतात होय?

सेक्रेटरी: नियम भांडणं होऊ नयेत म्हणून आहे. माहिती दिलीये, राहू दे. पण कुणाच्या श्रद्धेवर कोणी घसरलं तर ग्रुप फक्त ॲडमिनसाठी करून टाकणार, आत्ताच सांगतोय.

बी १०४: मोफत कशासाठी पण? हॉल, माईक, वक्त्यांचं येणंजाणं, पैसे लागतातच की. कोणीतरी देत असणार, त्याला काय पाहिजे ते आधी बघा.

ए २०१: काका, तुम्हालाच स्टेजवर बसवायला पाहिजे. हाच प्रश्न तिथे जाऊन विचारा, सरळ उत्तर मिळालं नाही तर मीसुद्धा संशय घेईन. असले कार्यक्रम बहुतेक वर्गणी आणि देणग्यांवर चालतात, कार्यकर्ते फुकट राबतात, पण विचारायला काय हरकत आहे.

डी ३०२: दादा, देव मानणाऱ्यांनी तिथे जाऊन करायचं काय? सगळे मिळून आपल्यालाच मूर्खात काढणार.

ए २०१: ताई, परिषदेच्या निमंत्रणात नास्तिकता आणि संशयवाद या दोन वेगळ्या गोष्टींची मोट बांधलीये, मला तेच पटलेलं नाही. देव नाही म्हणणं ही एक भूमिका झाली. पण कुठलाही दावा समोर आला की हे कशावरून, आणि खोटं असेल तर ते कळणार कसं, असं विचारणं ही सवय आहे, ती देव मानणाऱ्यालाही असू शकते आणि उलट देव न मानणारा माणूस कुठल्यातरी जादुई औषधावर डोळे मिटून विश्वास ठेवतो असंही असतंच की. नरेंद्र दाभोलकर तर कायम सांगायचे की अंनिसचा, म्हणजे त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा, विरोध देवाधर्माला नाही, त्याच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे. ही मर्यादा कट्टर नास्तिकांना फार मवाळ वाटते. भाषणांपेक्षा मला या वादात जास्त इंटरेस्ट आहे.

सी ५०३: नास्तिकपणा वगैरे सगळं परदेशी फॅड.

ए ४०२: काहीतरीच काय. देव आणि परलोक न मानणारे चार्वाक कुठले मग? आणि मीमांसक तर वेद प्रमाण मानणारे, तरी जग निर्माण करणारा ईश्वर त्यांना मान्य नव्हता. त्यांच्यातल्याच कुमारिल भट्टांनी सुमारे तेराशे वर्षांपूर्वीच विचारून ठेवलंय की जग बनवणाऱ्याला शरीर होतं का, आणि असेल तर ते कोणी बनवलं.

सी ५०३: हे माहीत नव्हतं. वाचतो.

डी ३०२: ते सगळं ठीक आहे पण आमच्या ज्योतिषांनी माझा स्वभाव इतका तंतोतंत सांगितला की मी गारच पडले, त्याचं काय?

ए २०१: १९४८ साली फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने वर्गात एक चाचणी घेतली आणि नंतर प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन लिहून दिलं. मुलांनी ५ पैकी सरासरी ४.२६ मार्क दिले, म्हणजे अगदी मीच तो. मग कळलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता, आणि त्यातली वाक्यं राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेली. तुम्ही वरून शांत दिसता पण आतून काळजी करता, असं सांगितलं तर या ग्रुपवर नाही कोण म्हणेल?

डी ३०२: मी तर नाही म्हणणार नाही. पण म्हणून सगळंच खोटं असं कसं?

ए २०१: बरोबर, त्यावरून तेवढं सिद्ध होत नाहीच. म्हणून तर खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी २००८ मध्ये महाराष्ट्रात वेगळी चाचणी घेतली, दाभोलकरही त्यात होते. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० कुंडल्या जमवल्या. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० पाठवल्या, कुठली कोणाची ते न सांगता, आणि फक्त एवढंच ओळखायचं की मूल हुशार की मतिमंद. उत्तरं २७ जणांनी पाठवली. बरोबर किती, तर सरासरी ४६ टक्के. नाणं उडवून सांगितलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती. सगळ्यात चांगला आला त्याची ४० पैकी २४. मला यात आवडतं ते हे की कोणी कोणाची टिंगल केली नाही, तुमचा दावा आहे ना, चला बघू, एवढंच.

बी १०४: साधी भोळी माणसं फसतात रे. शिकलेल्याला कोण फसवतंय?

ए ४०२: काका, शेरलॉक होम्स लिहिणारा कॉनन डॉयल डॉक्टर होता, तरी इंग्लंडमधल्या दोन मावसबहिणींनी काढलेले पऱ्यांचे फोटो त्याला खरे वाटले आणि १९२० मध्ये त्याने मासिकात तसं छापलं पण. कागदावर चित्रं काढून, कापून, टोपीच्या पिनांनी झाडीत उभी केली होती. बहिणींनी कबूल केलं १९८३ मध्ये, आज्या झाल्यावर! त्यातही एकीने एक फोटो खराच म्हणून धरून ठेवला.

बी १०४: हाहा. म्हणजे हुशार माणूस स्वतःला पटवायला कारणंही हुशारीने शोधतो.

ए २०१: अगदी. आणि हे तिथल्या नास्तिकांनाही लागू आहे, काही वक्ते आपलेच टाळ्या वाजवणारे लोक समोर बसवून श्रद्धाळूंवर विनोद करत बसतात, मला ते बघवत नाही, एका माणसाचं मत बदलत नाही त्याने. खरी मजा प्रश्नोत्तरांना असते. ताई, तुम्ही चला आणि ज्योतिषाचं विचाराच.

डी ३०२: विचारेन, पण उलटं मला विचारलं की सांगितलेलं किती वेळा चुकलं, तर काय सांगू? ते मी कधी लिहून ठेवलं नाही, बरोबर आलेलं तेवढं लक्षात आहे.

ए ४०२: मग हेच बोला तिथे. अर्ध्या वक्त्यांपेक्षा भारी होईल.

बी १०४: मी येतो. मागच्या रांगेत बसणार आणि टवाळी सुरू झाली की उठणार.

ए २०१: चालेल काका, तसं झालं तर मीही उठतो तुमच्याबरोबर.