ती बसमधली कोंबडी

मी: एक विचारतो, हसू नका. आपण अमेरिकेत होतो तेव्हा टीव्हीवर एक विनोदी मालिका लागायची. तिच्यातला एक प्रसंग चाळीस वर्षं डोक्यातून जात नाही. रात्रीची वेळ, बस, आत माणसं दाटीवाटीने बसलेली, दिवे बंद. एका बाईच्या मांडीवर कोंबडी. कोणीतरी तिच्यावर खेकसतं, ती कोंबडी गप्प कर. आणि मग कोंबडी गप्प होते. मालिका कुठली ती?

भाचा: मामा, कोंबडी गप्प झाली यात घाबरायचं काय 😂

मी: तेच तर सांगता येत नाही रे. फार एकदम गप्प झाली.

मावशी: दिवे का बंद होते? बस बंद पडली होती का?

मी: नाही गं. मुद्दाम बंद केले होते. सगळे श्वास रोखून बसले होते.

भाचा: एआयला विचारलं. त्याने भागाचं नाव, क्रमांक, तारीख सगळं ठणकावून सांगितलं. शोधायला गेलो तर त्या नावाचा भागच नाही.

मावशी: म्हणजे आपल्या ह्यांच्यासारखंच.

काका: बसमधली माणसं सैनिकी कपड्यांत होती का रे?

मी: हो! काही होती. हिरवे कपडे. आणि दुसरीच, गरीब दिसणारी माणसंही होती. बायका, म्हातारे.

काका: मग 'मॅश'. दुसरं काही असूच शकत नाही. कोरियन युद्धातलं फिरतं लष्करी इस्पितळ, डॉक्टर दिवसभर जखमींना शिवतात आणि रात्री टवाळक्या करतात. मी तेव्हा तुमच्याकडेच राहत होतो, माझ्यामुळेच घरात लागायची. गंमत बघ, खरं युद्ध तीन वर्षं चाललं, १९५० ते ५३. मालिका अकरा वर्षं चालली, १९७२ ते ८३.

भाचा: युद्धावर विनोदी मालिका? आणि मागून हसण्याचे आवाज?

काका: त्यावरूनच तर भांडण होतं. वाहिनीला ते रेकॉर्ड केलेलं हसणं हवं होतं, मालिका करणाऱ्यांना नको होतं. शेवटी तडजोड अशी झाली की ऑपरेशन थिएटरमधल्या प्रसंगांना हसणं लावायचं नाही. त्यामुळे बघताना कळायचंही नाही, पण हसणं थांबलं की पोटात गोळा यायचा. ब्रिटनमध्ये तर बीबीसीने हसणं काढूनच दाखवली.

मी: काका, बसमध्ये हसणं नव्हतं. हे मला पक्कं आठवतंय.

काका: तू हेन्री ब्लेकचा भाग तर म्हणत नाहीस ना? १९७५चा. इस्पितळाच्या त्या प्रमुख कर्नलला घरी जायची परवानगी मिळते, सगळे हसतखेळत निरोप देतात आणि शेवटच्या मिनिटाला रडार नावाचा त्यांचा कारकून ऑपरेशन थिएटरमध्ये येऊन सांगतो, त्यांचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं, कोणीही वाचलं नाही. ते शेवटचं पान बहुतेक नटांना आधी दिलंच नव्हतं. चित्रीकरणाच्या ऐन वेळी दिलं. लोकांनी संतापून पत्रं लिहिली होती.

मी: नाही हो. विमान नाही. बस. कोंबडी.

मावशी: जखमी सैनिकाच्या डोळ्यांतून दाखवलेला एक भाग होता म्हणे?

काका: होता, १९७८चा. पण त्यात कोंबडी नाही. थांबा जरा, आठवतो.

मी: ताई, मघापासून तू टाइप करतेयस आणि पुसतेयस. काय ते लिही की.

ताई: काकांना आठवू दे आधी.

काका: अरे! शेवटचा भाग. २८ फेब्रुवारी १९८३, सोमवार. अडीच तासांचा होता, रात्री साडेआठला सुरू झाला. अमेरिकेत दहा कोटींच्या वर लोकांनी तो पाहिला. आपल्या बैठकीतही त्या दिवशी बसायला जागा नव्हती. सुरुवातीलाच हॉकआय, मालिकेतला मुख्य डॉक्टर, वेड्यांच्या इस्पितळात दिसतो. हसवणारा माणूस, आणि तिथे! मानसोपचारतज्ज्ञ सिडनी त्याला खोदून खोदून विचारतो, काय झालं ते सांग. तो म्हणतो, काही नाही, समुद्रावर मजा करायला गेलो होतो, बसने परत येत होतो, बाटली एकमेकांकडे देत होतो. सिडनी परत विचारतो. मग कळतं, ती बाटली दारूची नव्हती, जखमी सैनिकासाठी प्लाझ्माची होती. वाटेत निर्वासित आणि जखमी बसमध्ये घेतले होते. शत्रूची माणसं जवळ आली म्हणून दिवे बंद करून सगळे चिडीचूप बसले. आणि एका बाईची कोंबडी ओरडत होती.

मी: सापडलं!! म्हणजे मला वेड लागलेलं नव्हतं. काका, तुम्हाला साष्टांग नमस्कार.

काका: हं.

मी: मग पुढे काय? कोंबडी मेली ना? त्या बाईने दाबून धरली?

काका: ताईला विचार. ती माझ्या शेजारी बसली होती.

ताई: तुला खरंच माहीत नाही? इतकी वर्षं तू सगळ्यांना कोंबडीची गोष्ट सांगतोस, मला वाटायचं तू मुद्दाम तशी सांगतोस.

मी: मुद्दाम म्हणजे?

ताई: कोंबडी नव्हती रे. हॉकआयला कोंबडी आठवत होती. सिडनीने विचारत विचारत त्याला परत त्या बसमध्ये नेलं, आणि मग तो रडत म्हणाला की ते बाळ होतं. त्या बाईचं तान्हं बाळ. तो तिच्यावर खेकसला म्हणून तिनेच ते गप्प केलं.

भाचा: 😶

मावशी: अगं बाई.

मी: पण मी कोंबडी बघितली. डोळ्यांनी. तपकिरी.

काका: बघितलीस. आधी कोंबडीच दाखवली आहे. त्याला आठवतं तसंच आपल्याला दिसतं. तोपर्यंत तू जागा होतास.

ताई: कोंबडी गप्प झाली त्याच मिनिटाला आईने तुला उचलून आत नेलं. सहा वर्षांचा होतास. मी दहाची, मला कोणी उठवलं नाही. उठवायला हवं होतं.

मी: चाळीस वर्षं मी त्या हॉकआयच्या आठवणीतच अडकून बसलोय म्हणजे. त्याला निदान सिडनी तरी भेटला.

भाचा: मामा, तो भाग शोधून पाठवू का?

मी: नको. आज नको.

ताई: आई सगळं वाचतेय. निळ्या खुणा दिसतायत.

आई: वाचतेय. सकाळी उठल्या उठल्या विचारलंस, आई, त्या कोंबडीचं काय झालं. मी म्हटलं, बस थांबली, खिडकी उघडली आणि ती उडून गेली.

मी: कोंबड्या एवढ्या उडत नाहीत गं.

आई: तेव्हा चाललं तुला.